डॉक्टर वेणुगोपालांचं कडक मडी

व्यंकटेशचं ऑपरेशन झालं आणि उत्तम झालं. हर्निया आत गेला, पोट शिवलं गेलं, आणि कमरेखाली बधिर असला तरी वरून पूर्ण शुद्धीवर असलेल्या पेशंटने शेवटी 'थँक्यू' सुद्धा म्हटलं.

आता हे विसरून जायचं. असं काही झालेलं नाही. बेंगळुरूच्या बसवनगुडीतल्या ज्या नर्सिंग होममध्ये ते झालं नाही, तिथल्या एकाही कागदावर त्याची नोंद नाही. त्या दिवशी ऑपरेशन थिएटर रंगकामासाठी बंद होतं, असं बाहेरच्या फळ्यावर खडूने लिहिलेलं होतं. आणि ज्यांनी ते केलं नाही ते डॉक्टर वेणुगोपाल त्या वेळी भुईमुगाच्या शेंगा आणायला गेले होते, असं ते स्वतः सांगतात. डॉक्टरांच्या शब्दाला मान द्यायला हवा. तेव्हा हर्निया अजून बाहेरच आहे असं धरून सुरुवात करू.

हर्निया बाहेर आला तो अम्माच्या हंड्यामुळे. अम्मा म्हणजे भागीरथीबाई, व्यंकटेशची आई. हे घराणं दोनेकशे वर्षांपूर्वी कुणाच्या तरी फौजेबरोबर साताऱ्याकडून खाली आलं आणि परत जायचं राहून गेलं. घरात मराठीच बोलत, पण तिच्यात बेंगळुरूचं पाणी मुरलेलं. सोवळ्याला कुणी सोवळं म्हणत नसे, मडी म्हणत. आणि भागीरथीबाईंचं मडी अख्ख्या गल्लीत नामांकित. पहाटे आंघोळ, मग उंच वेळूवर वाळत घातलेलं लुगडं काठीने खाली ओढायचं, ते नेसलं की देवाचा नैवेद्य होईपर्यंत त्यांनी कुणाला शिवायचं नाही आणि कुणी त्यांना शिवायचं नाही. व्यंकटेश लहानपणी रस्ता ओलांडायला शिकला त्याच्या आधी स्वयंपाकघर ओलांडायला शिकला. अंग चोरून, भिंतीला घासून, मधे ताट आलं तर थांबून.

या मडीला पाणीही मडीचंच लागे. ते मागच्या आडातून ओल्या पंच्याने काढायचं काम वडिलांकडे होतं. वडील गेल्यावर काम व्यंकटेशकडे आलं. तांब्याचा हंडा आजोबांच्या काळातला. त्या काळी माणसं दणकट असत किंवा लवकर मरत असत. व्यंकटेश सहकारी बँकेत कारकून, दिवसभरात त्याला उचलावं लागे ते फक्त पेन. शहाण्णव सालच्या आषाढात एका सकाळी हंडा वर आला आणि त्याच क्षणी जांघेत काहीतरी सुटलं. हात लावून पाहिलं तर तिथे लिंबाएवढं काहीतरी आलं होतं, जे आदल्या दिवशी नव्हतं.

"अंतर्गळ," भागीरथीबाई लांबूनच म्हणाल्या. "तुझ्या आजोबांनाही होता. त्यांनी तो शेवटपर्यंत जपला."

व्यंकटेशला जपायचा नव्हता. तो गांधी बाजाराच्या मागच्या गल्लीत डॉक्टर वेणुगोपालांकडे गेला. डॉक्टरांनी पोटाला हात लावून, "खोका बघू," म्हटलं. व्यंकटेश खोकला. डॉक्टर म्हणाले, "स्वल्प काम आहे. अर्धा तास. रक्त तपासून घेऊ, म्हणजे झालं."

रक्त तपासलं, आणि पुढच्या खेपेला तेच डॉक्टर, तीच खोली, पण खुर्ची सरकून पार भिंतीपाशी गेलेली. डॉक्टरांच्या हातांत एकावर एक दोन रबरी हातमोजे, आणि त्या हातांत चिमटा, आणि चिमट्यात रिपोर्ट.

"तुम्हाला एचआयव्ही आहे," डॉक्टर म्हणाले. "म्हणजे एड्सचाच विषाणू. कुठून आला?"

व्यंकटेशला खरंच ठाऊक नव्हतं. सात वर्षांपूर्वी आनेकलच्या रस्त्यावर तो स्कूटरवरून पडला होता तेव्हा त्याला बाटलीभर रक्त चढवलं होतं. ते कुणाचं, हे कुणी विचारलं नव्हतं. त्याच्या पुढच्या वर्षी तो मित्रांबरोबर गोव्याला गेला होता. तिथेही कुणी कुणाला काही विचारलं नव्हतं.

"गोव्याला काय केलंत?"

"समुद्र पाहिला."

डॉक्टरांनी कागदावर 'समुद्र' असं लिहून घेतलं.

आपण मरणार, ही गोष्ट व्यंकटेशच्या डोक्यात शिरायला बघत होती, पण दारातच जांघेतलं लिंबू आडवं पडलं होतं. त्याने आधी लिंबाचं विचारलं. "मग हर्निया कधी काढायचा सर?"

"हर्नियाचं काय घेऊन बसलात? तुमच्यापुढे याहून मोठा प्रश्न आहे."

"मोठ्यावर औषध आहे?"

"अमेरिकेत काहीतरी निघालंय म्हणतात. इथे नाही."

"आणि छोट्यावर?"

"छोट्यावर आहे की. अर्धा तास."

"मग छोटा सोडवा."

"मोठ्यामुळे छोटा सोडवता येत नाही," डॉक्टर म्हणाले, आणि आपण फार खोल बोलून गेलो असं त्यांना वाटलं असावं, कारण त्यांनी मान हलवली.

डॉक्टरांच्या डोक्यामागे भिंतीवर एक सरकारी पोस्टर होतं. त्यावर दोन हात एकमेकांत घट्ट धरलेले, आणि खाली कन्नडमध्ये ठळक अक्षरांत: हात मिळवल्याने एड्स होत नाही, एकत्र जेवल्याने होत नाही, प्रेमाने वागा. व्यंकटेशने बोट दाखवलं.

"ते पब्लिकसाठी आहे," डॉक्टर म्हणाले.

"सर, तुम्ही हत्यारं सगळ्या पेशंटांनंतर उकळता ना?"

"छे, हे काय विचारणं झालं! उकळतोच."

"मग माझ्यानंतरही उकळा."

"तुमच्यानंतर उकळून," डॉक्टरांनी प्रामाणिकपणे सांगितलं, "मनाचं समाधान होत नाही."

त्यांनी एका मोठ्या सरकारी इस्पितळाचं नाव लिहून दिलं. तिथे व्यंकटेश एक दिवस राहून आला. त्याची खाट वऱ्हांड्यात, जिन्याखाली लावली होती, आणि तिच्या पायथ्याशी लाल अक्षरांत रोगाचं नाव लिहिलेली पाटी. येणारे-जाणारे नातेवाईक आधी पाटी वाचत आणि मग त्याचं तोंड बघत, प्राणिसंग्रहालयात बघतात तसं. सर्जन उद्या येणार, असं तिथे रोजच सांगत. संध्याकाळी व्यंकटेशने पाटी उलटी करून ठेवली, चहा पिऊन येतो असं सांगितलं आणि बसमध्ये बसून घरी आला.

घरी त्याने एवढंच सांगितलं होतं की डॉक्टर सध्या ऑपरेशन करत नाहीत.

"सध्या म्हणजे?" भागीरथीबाई म्हणाल्या. "मी विचारते. मी आले की नाही म्हणायची कुणाची छाती होत नाही."

त्याने खूप टाळलं. शेवटी एका दुपारी, मडी सुटल्यावर, त्या पायांत चपला सरकवून त्याच्या आधीच रस्त्याला लागल्या.

डॉक्टरांच्या खोलीत त्यांनी जे पाहिलं ते पाहून त्या दारातच थांबल्या. डॉक्टर खुर्चीवरून उठून खिडकीपाशी गेले. हात छातीशी, कशालाही न लावता. रंजिता सिस्टरने व्यंकटेशची फाइल आणली ती टेबलावर लांबून टाकली, हातात दिली नाही. व्यंकटेश ज्या स्टुलावर बसला होता त्याच्याभोवती पोरगेल्या वॉर्डबॉयने बादलीतून कसलंसं पाणी शिंपडलं. व्यंकटेशचा पाय चुकून टेबलाला लागला तेव्हा डॉक्टर "अय्यो!" म्हणून मागे सरले, आणि आत जाऊन हात धुऊन आले, आणि येताना कुणाला धक्का लागू नये म्हणून अंग चोरून, भिंतीला घासून आले.

भागीरथीबाईंना गहिवरून आलं. आजच्या काळात, या शहरात, पँट घातलेल्या माणसाकडे हे बघायला मिळेल असं त्यांना वाटलं नव्हतं.

"मडीत आहात होय?" त्यांनी कन्नडमध्ये, अतिशय आदराने विचारलं. "चातुर्मासाचं व्रत?"

डॉक्टरांनी व्यंकटेशकडे पाहिलं. व्यंकटेशने डॉक्टरांकडे पाहिलं. सिस्टर आणि वॉर्डबॉय बाहेर गेले होते. खोलीत तीन माणसं उरली होती, त्यांतल्या दोघांना खरं माहीत होतं, आणि त्या दोघांनाही ते या बाईंना सांगायचं नव्हतं.

"हौदु," डॉक्टर म्हणाले. हो.

"म्हणून शिवत नाहीत तुला," त्या मुलाला म्हणाल्या. "आणि तू मला सांगत होतास डॉक्टर नाही म्हणतात! अरे, व्रतात रक्ताला हात कसा लावतील? कार्तिकात द्वादशी झाली की करतील. तोवर कळ काढ." मग त्या डॉक्टरांकडे वळल्या, दोन पावलं मागे सरून, म्हणजे त्यांच्या मडीला बाध नको. "एवढं कडक मी उडुपीला मठातसुद्धा पाहिलं नाही हो. फक्त हे रबराचं तेवढं विचारून घेते. रेशीम चालतं, लोकर चालते. रबर आमच्या वेळी नव्हतं."

रबराचं त्यांनी भीमाचार्यांना विचारलं. भीमाचार्य मठातले, त्यांना प्रश्न कुठलाही चाले. त्यांनी डोळे मिटून विचार केला आणि सांगितलं की रबर हा झाडाचा चीक, म्हणून मूलतः शुद्ध. दोन घातले तर दुप्पट.

झालं. आठवड्याभरात बसवनगुडीतल्या यच्चयावत म्हाताऱ्यांना कळलं की गांधी बाजाराच्या मागे एक डॉक्टर आहे जो मडी पाळतो. चुकून शिवला तर लगेच हात धुतो. पेशंट उठला की खुर्ची पुसून घेतो. ज्या बायका गेली वीस वर्षं बाटगा डॉक्टर नको म्हणून गुडघे धरून घरी बसल्या होत्या त्या एकमेकींचा हात धरून, म्हणजे एकमेकींच्या पिशवीचं टोक धरून, निघाल्या. नर्सिंग होमच्या बाकांवर जागा मिळेना. एकमेकींत हातभर अंतर ठेवून बसायच्या, म्हणून तर मुळीच मिळेना.

डॉक्टर आधी गोंधळले, मग सरावले. त्यांनी दारात तुळशीची कुंडी आणून ठेवली. साध्या सर्दीच्या पेशंटलाही ते आता हातमोजे घालून तपासत, कारण उघड्या हाताने तपासलं तर बायका नाराज होऊन निघून जात. एकदा व्यंकटेश गोळी मागायला गेला तेव्हा रंजिता सिस्टर त्याला म्हणाली, "तुमच्या अम्मांमुळे मला आता जेवायला वेळ नाही बघा. आणि हे सगळे कशाला भितात ते तुम्हाला माहीत, मला माहीत." तिने या खेपेला फाइल उचलून सरळ त्याच्या हातात दिली, बोटाला बोट लागलं, आणि ती दुसऱ्या पेशंटकडे गेली. व्यंकटेश फाइल धरून बराच वेळ उभा राहिला. हे पाहून एका म्हातारीला वाटलं, याचं मडी मोडलं बिचाऱ्याचं.

लिंबाचं मात्र मोसंब झालं होतं. खोकलं की दुखे, हसलं की दुखे. आणि हसायची वेळ वारंवार येई, हा मुख्य त्रास. हंडा आता तो अर्धाच भरे. अम्मा त्याला "अंग चोरतोस" म्हणे. स्थळं येत होती, तो म्हणे, "आधी अंतर्गळ जाऊ दे." असं म्हणता म्हणता त्याने तीन पत्रिका परत पाठवल्या.

खरं फक्त एकाला सांगितलं होतं, मावसभाऊ प्रवीणकुमारला. प्रवीणकुमार एका कॉम्प्युटर कंपनीत होता आणि तिथे इंटरनेट नावाचं नवीन यंत्र आलं होतं. एका रविवारी तो कागदांची चळत घेऊन आला.

"वाच. परदेशात मोठमोठे लोक म्हणतायत की असा काही विषाणूच नाही. सगळं थोतांड. औषध कंपन्यांचा डाव."

"म्हणजे मला काही झालेलंच नाही?"

"झालेलंच नाही!"

व्यंकटेश त्या दुपारी फार आनंदात होता. डॉक्टरांवर त्याचा राग होताच. तेव्हा डॉक्टर म्हणतात ते सगळंच खोटं निघालं तर किती बरं, असं त्याला वाटलं. त्याने कागद दोनदा वाचले. विद्यार्थी भवनात जाऊन मसाला डोसा खाल्ला, वर कॉफी. श्रावणात त्याला ताप आला तो तीन आठवडे गेला नाही, वजन उतरलं, जिभेवर पांढरी साय धरली. विषाणू नाही हे व्यंकटेशला पटलं होतं, पण विषाणूला हे कुणी कळवलेलं दिसत नव्हतं. त्याने कागद प्रवीणकुमारला परत दिले.

"काय रे, पटलं नाही?"

"पटलं ना. पण अण्णा, अडचण अशी आहे की डॉक्टर खरं सांगतो आणि खोटं वागतो. तुझे हे लोक खोटं सांगतात, पण वागतात तरी गोड. माझं काम खरं सांगून नीट वागणाऱ्याकडे आहे. असा कुणी आहे का तुझ्या यंत्रात?"

प्रवीणकुमार बघून सांगतो म्हणाला.

कार्तिकातली द्वादशी आली. तुळशीचं लग्न लागलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी भागीरथीबाई मुलाला घेऊन नर्सिंग होमला हजर झाल्या. एकट्या नव्हत्या. व्रताची सांगता म्हणून शेजारच्या वसुमतीबाई आणि आणखी सातआठ जणी पोह्यांचा प्रसाद घेऊन आल्या होत्या. बाक आधीच भरलेले होते. भागीरथीबाई मध्यभागी उभ्या राहिल्या आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "डॉक्टर, व्रत पुरं झालं. आता माझ्या मुलाचं करा. चार महिने थांबला हो बिचारा तुमच्या मडीसाठी."

"आँ! चार महिने?" वसुमतीबाई म्हणाल्या.

"चार! एक शब्द बोलला नाही."

सगळ्या बायका आधी व्यंकटेशकडे कौतुकाने आणि मग डॉक्टरांकडे अपेक्षेने बघू लागल्या. डॉक्टरांनी त्या बाकांवर नजर फिरवली. ते व्यंकटेशला म्हणाले, "आत या."

दार लावल्यावर ते भिंतीला टेकले.

"तुम्ही मला फसवलंत."

"मी? हौदु कोण म्हणालं?"

"मी नाही म्हटलं तर काय कराल?"

"काही नाही. बाहेर जाऊन सांगेन, डॉक्टरांचं मडी नव्हतंच, ते आपल्याला भितात. मग त्या विचारतील, का भितात. मग मी अम्माला खरं सांगेन." व्यंकटेश थांबला. हे वाक्य त्याने घरी बोलून पाहिलं होतं, तेव्हा ते असं अडकलं नव्हतं. "आणि सर, ते मला सांगायचं नाहीये. माझ्यावर उपकार करू नका, पण तेवढं टाळा."

डॉक्टरांनी पोस्टरकडे पाहिलं. बहुधा वर्षभरात पहिल्यांदाच.

"सरी," ते म्हणाले. ठीक आहे. "पण हे ऑपरेशन झालेलं नसेल. माझ्या नर्सिंग होममध्ये तुमच्यासारख्या पेशंटवर हत्यार चाललं असं कळलं तर उद्या बाहेर कुत्रं फिरकणार नाही. नोंद नाही, फाइल नाही, पावती नाही. परिषेच्या दिवशी या."

परिषे म्हणजे कडलेकाई परिषे, बसवनगुडीची शेंगांची जत्रा. त्या सोमवारी नंदीच्या देवळापासून पार खालपर्यंत रस्ता शेंगांच्या ढिगांनी भरतो, आणि बसवनगुडीत घरात सापडतो तो आजारी तरी असतो किंवा चोर तरी.

व्यंकटेश टेबलावर आडवा होता. पाठीत सुई दिलेली, कमरेखाली काही कळत नव्हतं. वर दिवा, आणि दिव्याखाली डॉक्टर वेणुगोपाल: तीन हातमोजे, मोटरसायकलचा गॉगल, आणि गाउनच्या आत रेनकोट. हलले की रेनकोट कुरकुरे. रंजिता सिस्टरने एकच हातमोज्यांची जोडी घातली होती, रोजच्यासारखी.

"चाकू," डॉक्टर म्हणाले. सिस्टरने दिला. डॉक्टरांनी तो दोनदा खाली नेला आणि दोनदा परत वर आणला.

"डॉक्टर," सिस्टर म्हणाली, "ते पोस्टर आणून वाचून दाखवू का?"

"गप्प बस."

"सर," खालून व्यंकटेश म्हणाला, "आपल्याकडे रोज किती जणांची पोटं फाडता?"

"आता कशाला विचारता?"

"त्यांतले बाकीचे नक्की निगेटिव्ह असतात का, एवढंच. लागण नुकती झाली असेल तर टेस्टमध्ये दिसत नाही म्हणे. म्हणजे इतके दिवस तुम्ही रेनकोटाशिवाय कसं काय..."

गॉगलच्या आत डॉक्टरांचे डोळे मोठे झाले. हा विचार त्यांना आधी आला नव्हता, आणि आता पुढची सगळी वर्षं जाणार नव्हता. पण एकदा सगळेच सारखे धोक्याचे ठरले म्हटल्यावर त्यांचा हात आश्चर्यकारकरीत्या स्थिर झाला. अर्ध्या तासाचं काम त्यांनी अर्ध्या तासात केलं. बाहेरून पिपाण्यांचे आवाज येत होते.

"थँक्यू," व्यंकटेश म्हणाला.

"कशाबद्दल?" डॉक्टर म्हणाले. करार तेव्हापासूनच लागू झाला.

संध्याकाळी पाय जागे झाल्याबरोबर त्याला मागच्या दाराने रिक्षात घातलं. त्याच्याखालची गादी जाळली. दुसऱ्या दिवशी सकाळी व्यंकटेश घरी ओसरीवर पडला होता तेव्हा भागीरथीबाई स्वयंपाकघरातून बाहेर आल्या, मडीतल्या लुगड्यात, आणि त्यांनी त्याच्या कपाळावर तळहात ठेवला. ताप बघितला. जरा जास्तच वेळ बघितला.

"अम्मा, मडी मोडलं की."

"मोडू दे," त्या म्हणाल्या, आणि पुन्हा आंघोळीला गेल्या.

आतून पाण्याचा आवाज येत राहिला. व्यंकटेशला शिवल्यावर आंघोळ करणारी आता अख्ख्या बेंगळुरात बरीच माणसं निघाली असती. पण तीस वर्षांपूर्वीच्याच कारणासाठी करणारी ती एकटीच होती. तो आवाज ऐकत त्याला झोप लागली.

राहता राहिले टाके. आठवड्याने तो ते काढून घ्यायला गेला तर डॉक्टर म्हणाले, "कसले टाके?" त्याने शर्ट वर केला. डॉक्टर खिडकीबाहेर बघू लागले. "माझ्याकडे अशी काही नोंद नाही. नोंद नसलेला टाका मी कसा काढणार?"

बाहेर रंजिता सिस्टरने त्याला हळूच सांगितलं, "लेखी अर्ज द्या. तो नामंजूर झाला की संध्याकाळी मी घरी येऊन काढते. तसेच माझ्या मनाने काढले तर चोरी होईल. नामंजूर कागद असला की मी दयेने काढले असं होतं."

व्यंकटेश बँकेतला माणूस, अर्ज लिहिणं त्याच्या हाडात होतं. त्याने बाकावर, दोन म्हाताऱ्यांच्या मधल्या हातभर जागेत बसून तो कन्नडमध्ये लिहिला. आपल्या भाषेत तो असा:

मा. वैद्यकीय अधीक्षक यांचे सेवेशी,

विषय: न घातलेले टाके काढून मिळणेबाबत.

महोदय, अर्जदार आपल्या नर्सिंग होममध्ये कधीही दाखल झालेला नाही. परिषेच्या दिवशी अर्जदारावर कोणतीही शस्त्रक्रिया न झाल्यामुळे त्याच्या पोटाच्या डाव्या बाजूस टाके पडलेले आहेत. अर्जदारास कोणताही आजार नसून त्याचे नाव आपणास ठाऊक आहेच. तरी सदर टाके आपल्या सोयीने, कोणत्याही नोंदीशिवाय, काढून मिळावेत. त्यासाठी आपण हातमोजे कितीही घातले तरी अर्जदाराची हरकत नाही. मात्र काम झाल्यावर ते सर्व उतरवून, आपल्या दालनातील पोस्टरात दाखवल्याप्रमाणे, अर्जदाराशी एकदा हात मिळवण्यात यावा, ही नम्र विनंती. कळावे.